बाकाखालचं बटन

नागभीड स्टेशनच्या मागच्या रस्त्याला खुशाल खोब्रागडे मिस्त्रीचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. भाताच्या गिरण्यांची इंजिनं, शेतातले पंप, एखादा अडून बसलेला ट्रॅक्टर, सगळं त्याच्याकडे यायचं. गिऱ्हाइकाला टेकायला दारात एक सागवानी बाक होता, चार माणसं ऐसपैस बसतील असा. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी खुशालने तो बाक कुऱ्हाडीने फोडला आणि लाकडं चुलीसाठी घरी पाठवली. त्या जागी दोन लोखंडी स्टुलं आणून ठेवली. त्याची बायको कांता म्हणाली, "चांगला बाक होता जी, काऊन फोडला?" तर हा म्हणतो, वाळवी लागली होती. वाळवी कसली नि काय कसली! कांताने एकेक फळी उलटून पाहिली, एकीला छिद्र नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला आणि फळ्या चुपचाप चुलीत सारल्या.

खरं कारण सांगायचं तर मोहघाटच्या नावेपासून सुरुवात करावी लागते.

मोहघाट वैनगंगेवर. ब्याऐंशी साली जिल्हा फुटला आणि नदीच्या अलीकडचा माणूस चंद्रपूर जिल्ह्याचा राहिला, पलीकडे दिलेली त्याची बहीण गडचिरोली जिल्ह्याची झाली. कागद बदलले, नदी तीच. पूल नव्हता. होती ती एक जुनी शिडाची नाव, कधीकाळी सिरोंच्याकडून, गोदावरीवरून आणलेली. वारा असला की शीड लावायचं, नसला की बांबूने रेटायचं. पुढे घाटाच्या संस्थेने एका उलटलेल्या ट्रकचं इंजिन विकत घेऊन तिच्या मागच्या अंगाला बसवलं, आणि नाव धूर सोडत चालू लागली.

नाव चालवायचा मुखरू मारबते. जातीचा धिवर, पंचेचाळिशीचा, अंगाने सडपातळ. नदी त्याला तळहातासारखी पाठ. इंजिनाचं त्याचं स्वतःचं एक शास्त्र होतं. उघडा पाय इंजिनाखालच्या लाकडावर ठेवायचा आणि डोळे नदीवर. पायाला वेगळं काही जाणवलं की म्हणायचा, "याचं आज पोट दुखून राह्यलं." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पण दोनदा नाही निघालं. दोनदा इंजिन तापून भर नदीत बंद पडलं. लोक घाबरले, आणि संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीनंतर खुशाल मिस्त्रीला निरोप धाडला.

गुणवंतराव गावातले धानाचे मोठे शेतकरी. ते म्हणाले, "मिस्त्री, इंजिनाले काय दुखते थे त्यानं सोताच बोंबलून सांगतलं पाहिजे. असं काही बसव." आणि खुशालला बसायला खुर्ची दिली. ओसरीवर, सगळ्यांसमोर.

आता ही खुर्ची म्हणजे काय होती ते खुशाललाच ठाऊक. त्याचा बाप सोमाजी याच घाटावरून आयुष्यभर नदी ओलांडत आला, पण या नावेच्या बाकावर त्याला कधी कोणी बसू दिलं नाही. मागच्या टोकाला, तळात साचलेल्या पाण्यात उभा राहायचा. गर्दी असली तर उतरून पुढच्या फेरीची वाट पाहायचा. छप्पन साली सोमाजी चांद्याला जाऊन बौद्ध झाला, तेव्हा खुशाल आठ वर्षांचा. पोराला त्याने आयटीआय शिकवलं. आणि आता त्याच नावेला शहाणी करायला त्याच पोराला बोलावणं आलं होतं. खुशालची छाती अशी फुगली की शर्टाची बटनं तुटायची बाकी राहिली. माणूस वाईट नव्हता हो. फक्त त्या दिवसापासून त्याला मान फार गोड लागायला लागला.

तो नागपूरला गेला. तेलाचा दाब दाखवणारं घड्याळ आणलं, पाण्याची गरमी दाखवणारं आणलं, बॅटरीचं आणलं. एक लाल दिवा आणि एक ट्रकचा भोंगा आणला. तेलाचा दाब उतरला की भोंगा कोकलणार, अशी सगळी जोडणी. घड्याळांसाठी त्याने पत्र्याचा सुबक डबा केला, निळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'खुशाल खोब्रागडे, नागभीड'. डबा नावाड्याच्या डोळ्यांसमोर हवा होता. नेमकी तिथे एक जाडजूड खुंटी होती, शिडाचा दोर बांधायची. खुशालने करवत काढली.

"थे खुंटी राहू दे ना गा, मिस्त्री," मुखरू म्हणाला.

"इंजिन आल्यावर शिडाचं काय काम? थे लुगडं घरी ने. सुकरीले नेसाले दे."

सुकरी म्हणजे मुखरूची बायको. मुखरू हसला, खुंटी कापू दिली. पण शीड काही घरी नेलं नाही. गुंडाळून नावेच्या कडेला बांधून ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी अर्धं गाव घाटावर. मुखरूने किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू व्हायच्या आधीच भोंगा केकाटला. तसा तो केकाटणारच होता. इंजिन बंद असताना तेलाला दाब कुठून येणार? सुरू झालं, तेल चढलं, की आठ-दहा सेकंदांत गप्प. उलट ही चांगली गोष्ट, भोंगा जिवंत आहे याची खूण. पण हे कळणार कोणाला?

आपल्याकडे निघत्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. कुठे चाललास म्हणून कोणी विचारलं तरी माणूस परत घरात येतो, दोन घोट पाणी पितो, मग निघतो. इथे तर नावच निघतानिघता कोकलली. बाकावर पुढेच बसलेल्या गिरजाबाईने टोपली उचलली. "सुटाच्या आधीच टोकलं, बाप्पा! मी नाई येत." ती उतरली तशी सगळी नाव उतरली. काठावर बसून लोक पाणी प्यायले. पुन्हा चढले, पुन्हा भोंगा वाजला, पुन्हा उतरले. असं तीनदा झालं आणि नाव सुटायला दुपार झाली. आठवड्याभरात भोंग्याचं नाव टोक्या पडलं. कितीतरी माणसं दोन कोस चालून खालच्या घाटावर जायला लागली.

खुशालने लोकांची यथेच्छ टिंगल केली. "अबे, तेल नाई चढलं म्हनून रडते थे! तुमाले बोलाले नाई रडून राह्यलं." विहारात तर दर पौर्णिमेला तो शुभ-अशुभाच्या विरोधात तासतासभर बोलायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. पण एका संध्याकाळी गुणवंतरावांनी त्याला बाजूला घेतलं. "लोकच नाई बसन त नाव कायची, मिस्त्री? काही बंदोबस्त कर. नाई त तुह्या डबा काढून ठेवतो."

डबा काढणार! त्यावरच्या पांढऱ्या अक्षरांसकट!

याला सरळ उपाय होता, आणि तो खुशालला चांगला ठाऊक होता. किल्ली फिरवल्यावर दहा सेकंद थांबून मगच भोंगा जोडणारी एक छोटीशी वस्तू नागपूरला मागवता येत होती. महिना लागला असता. महिनाभर थांबायला हवं होतं, एवढंच. पुढच्या फेरीत आणू, असं तो स्वतःला म्हणाला, आणि रविवारी जाऊन त्याने नावाड्याच्या बाकाखाली, कुणाला दिसणार नाही असं, एक काळं बटन बसवलं. टक केलं की भोंगा मुका, पुन्हा टक केलं की बोलता.

मुखरूला त्याने शिकवलं. किल्लीच्या आधी बंद कराचं. लाल दिवा विझला का चालू कराचं.

मुखरूने दोनचारदा करून पाहिलं आणि विचारलं, "आन मी भुललो त?"

"कायले भुलतेस गा? दिवसातून धा डाव करशीन. सवय होते."

गुणवंतरावांना त्याने "बंदोबस्त केला" एवढंच सांगितलं. त्यांनी कसा म्हणून विचारलं नाही. टोक्या गप्प झाला, माणसं परत आली, आणि खुशाल मिस्त्रीची वाहवा झाली. त्या पौर्णिमेला विहारात मात्र त्याने पोट दुखतं म्हणून भाषण टाळलं. पुढच्याही टाळलं. ज्या गोष्टीला आपण हसत होतो तिच्यापुढेच आपण बटन लावून वाकलो, हे त्याचं त्याला कळत होतं. नागपूरची ती पुढची फेरी काही झाली नाही. दुसरी कामं आली, मग उन्हाळा, मग शेतातले पंप. पावसाळा आला नि गेला. वर्ष सरलं.

पंच्याऐंशीच्या भाद्रपदात वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. सकाळच्या फेरीला नावेत एकतीस माणसं. मुखरूने बटन बंद केलं, किल्ली फिरवली, नाव सोडली, आणि सोडता क्षणीच वरून एक अख्खं झाड वाहत आलं. ते चुकवण्यात त्याचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष गेलं. लाल दिवा विझला तो त्याने पाहिला नाही. बटन बंदच राहिलं.

मधोमध गेल्यावर तेलाच्या नळीचा सांधा सुटला. तेल खाली सांडत राहिलं. डब्यातल्या घड्याळाचा काटा शून्यावर आला होता, लाल दिवाही पेटला होता, पण पुरात काट्याकडे आणि दिव्याकडे कोण बघतो? म्हणून तर भोंगा असतो! भोंगा मुका होता. मुखरूच्या पायाला काहीतरी कळलं, त्याने मान वळवली, तेवढ्यात इंजिन कर्रकन आवळलं आणि थांबलं ते थांबलंच.

खाली अर्ध्या कोसावर खडक होते. नाव आडवी होऊन तिकडे निघाली. बायका किंचाळत होत्या. मुखरूने कडेचं शीड सोडलं, काठी उभी केली, कापड वाऱ्यावर चढवलं आणि दोर बांधायला हात पुढे केला तर समोर निळा डबा. खुंटी नव्हती. मग त्याने तो दोर आपल्याच उजव्या हाताला तीन वेढे देऊन गुंडाळला आणि पाय रोवून उभा राहिला. पाव तास. खडकांच्या वरच्या अंगाला नाव पलीकडच्या रेतीवर जाऊन रुतली. एकतीसच्या एकतीस माणसं चालत उतरली.

मुखरूच्या हातात मात्र दोर हाडापर्यंत गेला होता. तालुक्याच्या दवाखान्यात चार बोटं काढावी लागली, अंगठा तेवढा राहिला. पंधरा दिवस तो तापात बरळत होता.

खुशालला बातमी तिसऱ्या दिवशी कळली. चौथ्या दिवशी भर दुपारी तो एकटा नावेवर गेला. लोकांनी ती ओढून घाटाच्या चिखलात आणून ठेवली होती. बाकाखाली हात घातला. बटन बंद. तो त्याच बाकावर बसला. "आन मी भुललो त?" हे मुखरूचे शब्द जसेच्या तसे कानात वाजायला लागले. मग त्याला गुणवंतरावांची ओसरी दिसली, ती खुर्ची दिसली. खोब्रागडेच्या पोरानं बटन लावलं, असं आता लोक म्हणणार. मागच्या टोकाला पाण्यात उभा असलेला बापही त्याला दिसला. आता जे करतोय ते बापाचं नाव राखायलाच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, हे सगळ्यात वाईट. सोमाजीने असं कधीच केलं नसतं.

पाच मिनिटांचं काम. बटन काढलं, दोन्ही तारा सरळ जोडल्या, स्क्रूच्या भोकांत रंगाऱ्याची लांबी भरली आणि वरून जळकं तेल चोळलं. फळी जुनीच्या जुनी दिसायला लागली. बटन खिशात टाकून तो घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही.

दीड महिन्याने घाटावर, त्याच नावेजवळ सभा भरली. मुखरू आला होता, हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, गालफडं बसलेली. गुणवंतरावांनी विचारलं, "मुखरू, भोंगा वाजला का नाई?"

"नाई जी. बटन बंद होतं. चालू कराचं माह्यानं राह्यलं. माही चुकी हाये थे."

"कोनतं बटन?"

"बाकाखालचं. मिस्त्रीनं लावलं होतं थे."

सगळे खुशालकडे वळले. त्याने तोंडाने शब्द काढला नाही. शब्द काढायची गरजच त्याने ठेवली नव्हती. तो नावेत चढला आणि किल्ली फिरवली. इंजिन मेलेलं होतं, पण भोंग्याला बॅटरी पुरत होती. सगळ्या घाटावर तो असा कोकलला की बगळे उडाले. मग वर्षभर सुटताना तो गप्प कसा होता हे कोणी विचारलं नाही, आणि पुरातल्या त्या आरडाओरड्यात तो वाजला की नाही हे नावेतल्या कोणालाही छातीठोक सांगता येईना.

मुखरू गुडघ्यावर बसला. डावा हात बाकाखाली घालून त्याने फळी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वाकून पाहिलं. मग परत चाचपली. त्याने मान वर करून खुशालकडे बघितलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं! तो नुसतं विचारत होता. खुशाल किल्लीकडे बघत उभा राहिला.

"ताप होता ना अंगात," कोणीतरी म्हणालं. "बरळत होता बिचारा." दुसऱ्या कोणी तोंडाजवळ अंगठा नेऊन खूण केली, घेतली असेल. मुखरू उठला. "मंग मलेच आयकू नाई आलं असन," एवढंच म्हणाला. ज्याच्यामुळे एकतीस जीव जगले त्याला त्या दिवशी नावेवरून उतरवलं, आणि ज्याच्यामुळे ते धोक्यात आले त्याला चहा दिला. खुशालने तो चहा प्यायला. त्या चहाची आठवण त्याला पुढे कित्येक वर्षं यायची आणि तोंड कडू व्हायचं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मुखरू नागभीडच्या बाजाराला आला होता. सुकरी मासोळ्या विकायला बसायची, तो शेजारी बसून राहायचा. त्या दुपारी तो दुकानात आला आणि दारातल्या बाकावर टेकला. बरा हायेस ना, बरा हाये, असं झालं. बोलताबोलता मुखरूचा उजवा हात, तो एका अंगठ्याचा, बाकाखाली गेला आणि फळी चाचपायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या ध्यानातही नव्हतं. तोंडाने तो धानाचं बोलत होता आणि खाली हात शोधत होता.

खुशालची नजर त्या हातावरून हलेना.

मग मुखरूने हळूच विचारलं, "मिस्त्री, एक पुसू का? थे बटन होतं ना गा? मी कोनाले सांगत नाई. मले फक्त मालूम पाह्यजे."

तिथे तिसरं कोणी नव्हतं. एक 'हो' म्हणायचं होतं, फक्त एक. आणि हा करंटा काय म्हणाला? "कोनतं बटन, मुखरूभाऊ?"

"नाई नाई. असंच," मुखरू म्हणाला आणि उठून बाजारात गेला. त्याच दुपारी खुशालने बाक फोडला.

पण बाक काय एका दुकानात असतात? एसटी स्टँडवर असतात, चहाच्या टपरीवर असतात, शाळेत असतात. कुठेही बसायची वेळ आली की खुशाल उभा राहायचा. कांता म्हणायची, पाय दुखतील जी. तो म्हणायचा, सवय आहे. ते काळं बटन त्याने हत्यारांच्या पेटीत तळाला, चिंधीत बांधून ठेवलं होतं. फेकायला तीनदा नदीवर गेला आणि तीनदा परत घेऊन आला. मुखरूबद्दल कानावर यायचं ते एवढंच, की तो आता डोंग्यातही पाय ठेवत नाही. मासोळीलाही जात नाही. विचारलं की म्हणतो, ज्याच्या डोस्क्याचा भरोसा नाई त्यानं पान्यात कायले जावं?

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर संस्थेने नवं इंजिन आणलं. नाव तीच, डागडुजी केलेली. खुशालला पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा ओसरीवर खुर्ची मांडली गेली. तो उभाच राहिला. या वेळी नागपूरची ती दहा सेकंदांची वस्तू त्याने आधी मागवली, मगच कामाला हात घातला. मुखरूच्या शिडासाठी नवी खुंटीही ठोकली. त्याने काय साधणार होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नाव सुटायच्या सकाळी घाटावर पन्नास-साठ माणसं जमली होती. खुशाल शेवटच्या तारा आवळत होता. गुणवंतराव शेजारी येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "आन थे टोक्याचं मागच्यावानीच करजो. बाकाखाली बटन."

खुशालच्या हातातला पाना थांबला. "तुमाले मालूम होतं?"

"मी रोज बसत होतो ना गा या नावेत. मले दिसत नाई का?"

"मंग सभेत 'कोनतं बटन' म्हनून काऊन पुसलं?"

"तू बोलतेस का पाहात होतो. तू नाई बोलला, म्हनून मी नाई बोललो. तुह्यं नाव राह्यलं, संस्थेचंही राह्यलं." गुणवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं थे."

खुशालला असा संताप आला की पाना त्यांच्या पायावर आपटावा! आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगा, त्याला हलकंही वाटलं. चला, वाटेकरी मिळाला. अर्धं पाप यांचं. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, गुणवंतराव नावेवर भर दुपारी एकटे गेले नव्हते. भोकांत लांबी त्यांनी भरली नव्हती. आणि दुकानात मुखरूने विचारलं तेव्हा ते तिथे नव्हते. वाटणी काही होईना.

त्याने पेटी उलटी केली. हत्यारं खळाखळा पडली. चिंधी सोडून बटन हातात घेतलं आणि तो नावाड्याच्या बाकावर उभा राहिला.

"आयका," तो ओरडला. आवाज फाटला होता. "मुखरू खरं बोलला होता. बटन होतं. हे पाहा. मीच लावलं, तुमी 'टोकलं' म्हनून उतरत होते, त्याच्यापायी. आन मीच काढलं, सभेच्या आधी, चोरावानी. भोकं बुजवली. मुखरूनं पुसलं तवा मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो."

गुणवंतराव नदीकडे बघायला लागले. गर्दीत गिरजाबाई होती, सगळ्यात आधी टोपली घेऊन उतरणारी. ती होती तिथे मटकन खाली बसली. "म्हंजे आमच्या टोकन्यापायी बोटं गेली का त्याची?" मग मागून कोणीतरी खुशालला आईवरून शिवी घातली. ती त्याने ऐकली आणि त्याला ती योग्य वाटली.

"भोंगा आता निघताना वाजत नाई," तो म्हणाला. "त्याचं औषध डब्यात हाये. तवाच आनाले पाह्यजे होतं." डब्यावर या वेळी त्याने नाव लिहिलं नव्हतं. पेटी तिथेच टाकून तो धिवर मोहल्ल्याकडे चालू लागला.

मुखरू ओट्यावरच्या फळीवर बसला होता. सुकरी सुपात जवळा निवडत होती. खुशालने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घाटावर बोलला तेच, तशाच शब्दांत, कमी नाही जास्त नाही. सुकरीचा हात थांबला. सूप तिने बाजूला सारलं.

"तीन साल," ती म्हणाली. "तीन साल हा मानूस कुठीबी बसला का खाली हात घालून राह्यला, मिस्त्री. खाटेखाली, लोकाच्या ओट्याखाली. पोरं हासत होते. मीबी म्हनलं, जाऊ द्या ना आता, तापात पाह्यलं असन तुमी. मी! याची बायको! मीच म्हनलं त्याले." आणि ती रडायला लागली. खुशालच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, पण ते पुसायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं.

मुखरूने उजवा हात पुढे केला. खुशालने त्या तळव्यावर, जिथे बोटं नव्हती तिथे, काळं बटन ठेवलं. मुखरूने ते डोळ्यांजवळ नेलं. उलटं करून पाहिलं. मग अंगठ्याने दाबलं. टक.

"होतं व, सुकरे," तो म्हणाला. "होतं बटन." पुन्हा दाबलं. "म्हनत होतो ना मी."

"मुखरूभाऊ," खुशाल म्हणाला, "मले काही बोल."

मुखरूने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बटनच बघत होता. सुकरी पदराने तोंड पुसत उठली आणि शांतपणे म्हणाली, "जा आता तुमी, मिस्त्री."

खुशाल वळला. अंगण ओलांडेपर्यंत त्याला वाटत होतं, मागून टोकावं कोणीतरी, एक हाक मारावी. कोणी टोकलं नाही. मागून फक्त तो आवाज येत राहिला, टक, टक.